आधीची

हिचं स्टिअरिंग खालून चपटं आहे.
शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं, म्हणाला पर्वरीच्या शोरूममधला मुलगा.
माझी शर्यत म्हणजे चोडणहून सव्वासातची फेरी गाठायची,
मागच्या सीटवरची रक्ताच्या नमुन्यांची पेटी
हिंदकळू न देता.
तरी घेतली. लाल. छप्पर काळं.
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.
विश्राम म्हणाला, नक्की हीच?
म्हटलं, हीच.

आधीचीचा रंग कागदोपत्री चंदेरी होता.
तिचा एसी फक्त गुडघ्यांवर फुंकर घालायचा,
काच हाताने वर ओढून
चहाचा चमचा खुपसून अडकवावी लागे,
आणि तिसऱ्यात टाकली की गिअरचा दांडा असा थरथरायचा
की वाटे, नाडीच लागतेय हाताला.
टायमिंग बेल्ट तुटायच्या दोन दिवस आधी
मी इनास मेस्ताला सांगितलं होतं, ही खोकतेय.
तो बॉनेटखाली डोकं घालून हसला,
मग हसायचा थांबला.

हिची नाडी बघावी लागत नाही.
ही स्वतःच सांगते.
दार उघडं आहे. मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे.
तुम्ही रेषा ओलांडताय.
तुम्ही दमलात, कॉफी घ्या,
आणि पडद्यावर कप, वाफेसकट.
घरात इतकी चौकशी कुणी करत नाही.

खोटं कशाला बोलू,
जुन्या गोव्याच्या बायपासवर, रात्री साडेदहाला,
रस्ता रिकामा बघून
मी ते एस लिहिलेलं बटण दाबलं.
टर्बोने आधी एक श्वास आत घेतला,
पाठ सीटला चिकटली,
आणि बाणस्तारीचा पूल
यायच्या आधीच मागे पडला.
मी एकटीच ओरडले.
काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.
आधीचीतही ओरडायचे,
पण ते चढावर. तिच्यावर.

तिला ढकलायला माणसं लागत.
पोंबुर्प्याच्या वळणावर एकदा तिघं आले :
एक पागेर घेऊन निघालेला,
एक मिसेहून परतणारा, कोटातला म्हातारा,
आणि एक, ज्याच्याशी आमचं बांधावरून
अकरा वर्षं बोलणं बंद होतं.
त्याने खांदा लावला. शब्द नाही.
गाडी सुरू झाली तशी
छपरावर दोनदा थाप मारली, बैलाला मारतात तशी.
हिला अजून कुणाचा हात लागलेला नाही,
फडक्याचा सोडून.

काल संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर ओहोटी होती.
फेरीबोट खोल गेलेली, उतार खडा.
हिची हनुवटी फळीला अशी घासली
की सगळे मोटरसायकलवाले वळले.
"सवकास गो बाये!"
पडद्यावर चारही बाजू दिसत होत्या.
खाली काय लागतंय, तेवढंच दिसत नव्हतं.

आणि शेजारी, आरशाला आरसा लागेल इतकी जवळ,
आधीची.
मागची सीट काढलेली, तिथे कायतान पोदेराच्या टोपल्या,
त्यांवर निळं प्लास्टिक.
नंबर तोच. चमचाही तोच.
इंजिन बंद करूनही ती टिकटिकत होती,
गरम लोखंड निवताना टिकटिकतं तशी.
मी एका बोटाने काच खाली केली
आणि ऐकत राहिले, अर्धी मांडवी.

"तिसरो अजून थरथरता," कायतान म्हणाला.
मग हिच्याकडे हनुवटी करून : "ही बरी चलता मगो?"
"चलता."
त्याने खिडकीतून वीस पोया दिल्या, वर्तमानपत्रात बांधून.
पैसे नकोत म्हणाला, मग घेतले.
मी पुडकं शेजारच्या सीटवर ठेवलं.

चोडणला फळी पडली.
मी इंजिन सुरू केलं आणि ही किंचाळायला लागली :
शेजारी कुणीतरी बसलंय,
पट्टा लावलेला नाही.

मागून हॉर्न वाजला, सर्दी झालेला. ओळखीचा.
मी वाकून पोयांना पट्टा लावला.
हाताला गरम लागल्या.